दहापैकी चार

तो टीव्हीसमोर उभा राहायचा, डावा डोळा मिटायचा, उजव्या हाताचा अंगठा पुढे धरायचा आणि पडद्यावरचा बॉल झाकून टाकायचा. मग बॉल जिकडे जाईल तिकडे त्याचा अंगठा. खोलीतली बाकीची माणसं बॉल बघायला जमलेली असायची आणि हा तो झाकायला. कोणी कुरकुर केली की म्हणायचा, "बॉल काय, कोणीही बघतो."

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लग्नाच्या पंगतीत बसला की ताटातली जिलबी सोडून वाढप्यांची रांग कुठे तुटली ते बघणारा. गाण्याला गेला की गवई सोडून मागे तानपुरा धरून बसलेल्या मुलीच्या चुका काढणारा. मला अशा माणसांची चीड येते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी बरंच वाकडं बोलणार आहे.

सिडनीजवळच्या पॅरामॅटातल्या एका सरकारी खात्यात आम्ही नऊ वर्षं शेजारी शेजारी बसून लोकांचे अर्ज तपासले. मी डोंबिवलीची, तो सांगलीचा. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. तिकडे असतो तर मी त्याला जन्मभर अहो-जाहो केलं असतं, पण इथे विमानतळावर लोणच्याच्या बरणीबरोबर अहो-जाहोही काढून घेतात. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "अरे-तुरे कर गं, इथे सगळेच मेट." मी केलं, आणि मग मला फार सोयीचं पडलं, कारण अहो म्हणून माणसाची टर उडवता येत नाही.

त्याचं वेड म्हणजे अमेरिकन फुटबॉल. अर्ध्या सिडनीचा जीव ज्यात अडकलेला असतो ती रग्बी लीग नव्हे. हेल्मेट घालून, खांद्यांवर उशा बांधून एकमेकांवर आदळतात तो खेळ. फार वर्षांपूर्वी त्याच्या तेव्हाच्या कंपनीने त्याला आठ महिने अमेरिकेतल्या एका गारठलेल्या गावी पाठवलं होतं. तिथे कोणीतरी त्याला मॅचला नेलं. त्या गावची टीम तेव्हाही हरत होती आणि आजतागायत हरते आहे. ह्याने तीच टीम धरली, आणि तीही अख्खी नाही धरली. फक्त तिचा डिफेन्स, म्हणजे समोरच्यांना अडवणारे अकरा जण. आपल्या टीमची गोल करायची पाळी आली की हा चहा टाकायला उठायचा.

"शाळेत मी कबड्डीत डावा कोपरा होतो," तो सांगायचा. "चढाई करणाऱ्याला टाळ्या, पकड करणाऱ्याच्या तोंडात माती." आणि मग ह्या खेळातला कोणता माणूस म्हणजे कबड्डीतला कोपरा, कोणाची साखळी कोणाशी, ते जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि सॉसच्या बाटल्या मांडून दाखवायचा. मला आजही तो खेळ कळत नाही, पण सॉसची बाटली आपली जागा सोडून गेली की काय होतं ते कळतं.

अमेरिकेतली रविवारची दुपार म्हणजे आमची सोमवारची पहाट. सप्टेंबर ते जानेवारी हा दर सोमवारी फ्लेक्स घ्यायचा, म्हणजे आठवडाभर थोडं थोडं जास्त बसून साठवलेली सुट्टी. त्या सुट्टीत एक मॅच तीनदा बघायचा. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा अंगठा धरून. तिसऱ्यांदा तर उंचावरच्या कॅमेऱ्यातून घेतलेलं चित्रण, ज्यात मैदानावरचे बावीसच्या बावीस जण एकदम दिसतात. ते म्हणे वेगळं मागवावं लागतं. त्यातला एकेक डाव तो अकरा वेळा मागे घ्यायचा, दर वेळी एकाच माणसाकडे बघत. आणि शेवटी अकराही जणांना दहापैकी मार्क. सातच्या वर कोणालाही कधी दिले नाहीत. "सात म्हणजे उत्तम. वरचे तीन देवाचे."

हे मार्क मंगळवारी सकाळी व्हॉट्सॲपवर यायचे. ग्रुपचं नाव 'बचाव'. त्यात तो धरून तेरा मराठी माणसं, आम्हा बाराजणांना त्याने न विचारता घातलं होतं. त्यातल्या बारांना खेळ कळत नव्हता, आणि तेरावा तो स्वतः, असं मी माझ्या नवऱ्याला सांगायचे. मी ग्रुप म्यूट केला होता. पण मंगळवारी ट्रेनमध्ये पहिलं काय उघडायचे तर तोच, कारण आठवडाभर नावं ठेवायला काहीतरी लागायचं.

"क्र. ५४: तीन. पकड आणि मिठी यातला फरक ह्यांना अजून कोणी सांगितलेला नाही." "क्र. २३: दोन. बॉल आपल्याकडेच येईल या आशेवर जागा सोडली. बचाव करणाऱ्याने आशा करू नये." "क्र. ९८: सहा. दिवसभर कोणाच्याही लक्षात आला नाही. शाबास." आणि सगळ्यात खाली एकूण शेरा. एकदा नुसतंच लिहिलं होतं, "हा बचाव नव्हे, ही स्वागत समिती आहे."

आता तुम्हीच सांगा, कोणाला राग येणार नाही? समोर ती सव्वाशे-दीडशे किलोची, डोंगरासारखी माणसं, आणि त्यांना मार्क देणारा कोण, तर पहिल्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघणारा आमचा हा. गुडघे वाजायचे त्याचे. पोट टेबलाच्या कडेला टेकायचं. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, हा वेंटवर्थविलच्या घरातल्या सोफ्यावरून अमेरिकेतले रेडे हाकत होता. मी हे त्याच्या तोंडावर म्हटलं होतं. तो विचार करून म्हणाला, "रेडे म्हणू नको. रेडा निदान जागेवर उभा राहतो."

मार्क द्यायची खोड खेळापुरतीच नव्हती. दिवाळीला ऑफिसात नेसून गेलेली माझी पैठणी: पाच, निऱ्या वर आहेत. नव्या मॅनेजरचं भाषण: तीन. बायको ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला मुलाकडे गेली होती, नातू लहान म्हणून. ती तिकडेच राहिली आणि हा रिटायर होईपर्यंत इथे एकटा. आम्ही पाठीमागे म्हणायचो, पोळ्यांना रोज चार मिळत असतील, कंटाळून गेली बिचारी.

एका मंगळवारी त्याची टीम शेवटच्या मिनिटाला हरली होती. एकतीस नंबरवाला एकटाच त्या गोल करणाऱ्याच्या मागे धावला आणि तोंडावर आपटला. अख्खी अमेरिका त्याच्या नावाने बोटं मोडत होती म्हणे. ह्याने त्या एकतीसला सहा दिले. मी विचारलं, सगळ्यांसमोर पडला त्याला सहा? तर म्हणाला, "तो निदान धावत आला. ज्याने जागा सोडली तो कॅमेऱ्यातच नाही." मी म्हटलं, हो का, आणि माझं काम करायला लागले.

हे सगळं असंच चाललं असतं आणि मी ह्याच्यावर लिहायला कधी बसलेही नसते. पण माझी मुलगी रेवा अकरावीत गेली आणि शाळेतल्या एका मैत्रिणीच्या नादाला लागून मुलींच्या ग्रिडायरन क्लबात शिरली. ग्रिडायरन म्हणजे तोच खेळ, इथे त्याला हे नाव. बापाने टेनिस सुचवलं होतं, मी पेटीचा क्लास. "मम, नोबडी प्लेज पेटी," असं म्हणून ती हेल्मेट घेऊन आली. सोळा वर्षांची पोर, एकवीस नंबर, आणि जागा कुठली तर डिफेन्समध्ये सगळ्यात मागे, शेवटची. तिच्या मागे कोणी नाही.

मी दर शनिवारी थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन मैदानाच्या कडेला. खेळ कळत नव्हता, पण ओरडायला कळावं लागत नाही. तिची कोच एका हायस्कुलात पीई शिकवायची, सहा फूट बाई, आवाज पलीकडच्या कारपार्कात ऐकू जाईल असा. एकदा खेळाच्या मधल्या सुट्टीत तिला हसवावं म्हणून मी आमच्या परीक्षक साहेबांचा मंगळवारचा रिपोर्ट इंग्रजीत करून वाचून दाखवला. मिठीवाला, स्वागत समितीवाला, सगळा. बाई हसली नाही. दुसरा आहे का म्हणाली. मग तिसरा. आणि मग, "हू इज धिस ब्लोक?"

माझंच कपाळ. दोन आठवड्यांत हा माणूस क्लबहाउसच्या पत्र्यावर. त्या गुडघ्यांनी शिडी चढून, कॅमेरा घेऊन, उन्हाची टोपी घालून. खाली मुली आदळतायत आणि वर हा एका डोळ्याने बघतोय. रेवा म्हणाली, "मम, ही इज सो क्रिंज." मी तिला मनापासून दुजोरा दिला.

त्या ऑक्टोबरात राज्याच्या संघासाठी मुली निवडायच्या होत्या. डिफेन्समधून कोणाची नावं पाठवायची ते कोचने ह्याच्यावर सोपवलं. रेवाने भिंतीवर कॅलेंडर लावलं होतं, निवडीच्या दिवसाभोवती लाल गोल. जेवताना दुसरा विषय नाही. मी कधी त्या पोरीला कशासाठी इतकं जीव टाकताना पाहिलं नव्हतं, आणि आता तिचं सगळं कोणाच्या हातात, तर ज्याची मी नऊ वर्षं टिंगल केली त्याच्या.

मग मी आपण सगळे करतो तेच केलं. फिजीवाल्याच्या दुकानातून अळूची पानं आणली आणि सकाळी लवकर उठून अळुवड्या केल्या. डबा त्याच्या कीबोर्डशेजारी ठेवला आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाले, रेवाचं बघ हं जरा. तो पाच वड्या खाऊन गेला. बोटं पुसून म्हणाला, "सहा. चिंच कमी." मला काही वाटलं नाही. खाल्ल्या ना, मग झालं. आपल्याकडे खाल्लेल्या वडीला काही किंमत असते, आणि सांगलीच्या माणसाला ती मी समजावून सांगायची गरज नव्हती, असं मी धरून चालले.

शुक्रवारी संध्याकाळी कोचने मैदानावर माझ्या हातात कागद दिला. मुलगी अठराच्या आतली म्हणून पालकांना द्यावा लागतो. "क्र. २१: चार. डाव्या खांद्याने एकही पकड नाही. उजवा खांदा लागावा म्हणून आधीच जागा सोडते. निवडू नये. खांदा डॉक्टरला दाखवावा."

मी फक्त चार वाचलं. खरं सांगते, चार आणि निवडू नये, एवढंच. बाकीचं मला पळवाट वाटलं. रेवा गाडीत बसली ती हूडी डोळ्यांवर ओढूनच.

सोमवारी त्याचा फ्लेक्स. म्हणून मला मंगळवारपर्यंत दम धरावा लागला आणि तोपर्यंत राग चांगलाच मुरला. तो किचनमध्ये डबा विसळत होता. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. स्वतः आयुष्यात त्या मैदानावर पाऊल ठेवलं नाहीस, म्हटलं. शिडीवर चढताना धापा टाकतोस आणि सोळा वर्षांच्या पोरीला नापास करतोस, म्हटलं. वड्याही काढल्या. मायक्रोवेव्हजवळ उभी असलेली एक ऑसी बाई आपलं सूप घेऊन बाहेर गेली.

त्याने डबा पालथा घातला. "चारच होते," म्हणाला. मग म्हणाला, "खांदा दाखव तिचा."

"माझी मुलगी आहे ती," मी म्हणाले. "खांद्याला काही झालं असतं तर तिच्या आईला कळलं नसतं?"

त्याने हात पुसले. टॉवेल वाळत घातला आणि जागेवर जाऊन बसला.

मी रेवाला डॉक्टरकडे नेलं. काळजीने नेलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी नेलं ते एवढ्यासाठी, की खांदा धडधाकट असल्याचा कागद मिळेल आणि तो मी त्याच्या टेबलावर आपटीन. आपटायची जागासुद्धा ठरवली होती. डॉक्टरने तिला हात वर करायला सांगितला. उजवा गेला. डावा कानाच्या खालीच थांबला आणि तिने ओठ चावला. मग स्कॅन झाला. सांध्याच्या खोबणीची कड फाटली होती. खांदा तीनदा निखळला होता आणि तिन्ही वेळा तिने तो क्लबच्या टॉयलेटमध्ये, दाराच्या चौकटीला हात लावून, स्वतःचा स्वतः बसवला होता. आणखी एक जोराची धडक बसली असती तर हात पुन्हा नीट झालाच असता असं सांगता येत नाही, असं सर्जन म्हणाला.

मी रेवाकडे बघितलं, ती भिंतीवरचं फ्लूच्या लशीचं पोस्टर वाचत होती. आणि तिथे बसल्या बसल्या मला तिचे केस आठवले. कमरेपर्यंत केस होते पोरीचे. ऑगस्टमध्ये अचानक कापून आली, मानेपर्यंत. वर हात करून बांधता येत नव्हते म्हणून. मी म्हटलं होतं, छान दिसतंय गं, सुटसुटीत. दोन महिने एकाच घरात, एकाच टेबलावर.

आता तुम्ही म्हणाल, मग मी जाऊन त्याचे पाय धरले असतील. छे. माणूस चुकला की त्याला माफ करता येतं, बरोबर निघाला तर नाही करता येत. ह्याला पत्र्यावरून, एक डोळा मिटून दिसलं आणि मला दोन डोळे उघडे ठेवून दिसलं नाही, ह्याचा मला जो राग आला तो मी त्याच्यावरच काढला. तरातरा घरी आले आणि पहिलं काम काय केलं, तर 'बचाव' ग्रुपमधून बाहेर पडले. ऑफिसात त्याच्याशी बोलणं बंद. मधे हातभर पार्टिशन, आणि काम असलं तर ईमेल. त्यातही गुड मॉर्निंग नाही.

डिसेंबरात रेवाचं ऑपरेशन झालं. राज्याचा संघ तिच्याशिवाय खेळायला गेला. फोटो आले तेव्हा ती फोन उशीखाली घालून रडली. मी तिच्या उशाशी बसून त्या माणसाचा उद्धार केला. गप्प राहिला असता तर काय बिघडलं असतं, आधी मला येऊन सांगितलं असतं तर, एका कागदावर चार शब्द लिहून पोरीचं वर्ष घालवलं, असं बरंच काही. ती काही बोलली नाही. मला वाटलं, तिलाही पटतंय.

ह्या सगळ्या सहा महिन्यांत तो रोज यायचा, बसायचा, अर्ज तपासायचा, जायचा. एकदाही त्याने विषय काढला नाही. एप्रिलमध्ये रिटायर झाला. केक कापला, मॅनेजरने चार वाक्यं बोलून दाखवली, त्या भाषणाला त्याने किती मार्क दिले ते विचारायला आता आमचं बोलणं नव्हतं. कार्ड फिरत आलं तेव्हा सगळ्यांनी परिच्छेद लिहिले होते. मी नुसतं नाव लिहिलं. पुढच्या आठवड्यात तो ब्रिस्बेनकडे गेला, बायकोकडे, स्प्रिंगफील्ड लेक्सला. त्याच्या जागी आता एक तरुण मुलगा येतो. तो बरा आहे, कशालाच मार्क देत नाही.

जूनमध्ये फिजिओकडून परत येताना, लाल सिग्नलला, रेवा समोर बघत म्हणाली, "ही टोल्ड मी फर्स्ट, यू नो."

कोणी, मी विचारलं.

"काका." मग अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी करून तिने सांगितलं. रिपोर्ट देण्याच्या दहा दिवस आधी प्रॅक्टिस संपल्यावर तो तिला कुंपणापाशी भेटला. खांदा कधीपासून, असं विचारलं. ती म्हणाली, काही नाही. त्याने कॅमेऱ्यातलं दाखवलं, एका मागून एक, तिच्या चौदा पकडी. मग ती रडली आणि म्हणाली, प्लीज आईला सांगू नका. तो म्हणाला, आईला मी नाही सांगणार, ते तू सांगायचंस, पुढच्या शुक्रवारपर्यंत. कोचला मात्र जे दिसलं ते लिहीन. तिने सांगितलं नाही. त्याने लिहिलं.

"अँड देन यू येल्ड ॲट हिम," रेवा म्हणाली, "अँड ही जस्ट... लेट यू."

मागच्याने हॉर्न वाजवला. मी गाडी पुढे घेतली आणि पेट्रोल पंपावर उभी केली. आधी मला येऊन सांगितलं असतं तर, हे मी किती जणांना ऐकवलं होतं. त्याच्याकडे माझं तोंड बंद करायला एक वाक्य होतं. मी सहा महिने त्याच्या शेजारी बसून फणकारत होते आणि त्याने ते वाक्य वापरलं नाही, कारण एका सोळा वर्षांच्या मुलीला शब्द दिला होता. मला लाज वाटली. फोन करायला हवा होता, तोही महिनाभर केला नाही. काय बोलणार होते?

शेवटी केला तो स्वार्थानेच. जुलैतला गुरुवार, दुपारचे चार. शनिवारी पुन्हा निवड होती. रेवा शाळेतून आली ती फॉर्म घेऊनच. खेळाडूला दुखत नाही, हालचाल पूर्ण आहे, खाली पालकांची सही. फिजिओची पुढची तारीख तीन आठवड्यांनी होती, तोपर्यंत निवड होऊन गेली असती. "इट्स अ हंड्रेड पर्सेंट, मम. प्लीज. लास्ट इयर ऑलरेडी गेलं." बारावी, मग युनी, तिच्या दृष्टीने ही शेवटचीच संधी. पेन तिनेच माझ्या हातात दिलं. मला सही करायची होती. ते वर्ष तिला परत द्यायचं होतं मला.

मी पेन घेऊन मागच्या अंगणात गेले आणि त्याला फोन लावला.

"बोल," तो म्हणाला. काल बोलणं झाल्यासारखा. मागे एक लहान मूल भांडी वाजवत होतं.

मी माफीबिफी काही मागितली नाही, जमलंच नाही. फॉर्मचं सांगितलं. म्हटलं, तू सांग, करू का सही?

"मला इथून काय दिसणार? तू बघ."

"मला कुठे त्या खेळातलं कळतं?"

"खेळाचं काय आहे त्यात? दोन्ही हात वर करायला सांग. आणि समोरून बघू नकोस. समोरून ती तुला हसून दाखवेल. पाठीमागे उभी राहा."

मी फोन कानाला तसाच ठेवून आत आले. रेवाला ओट्यासमोर उभं केलं, तोंड खिडकीकडे. "सीरियसली?" ती म्हणाली आणि दोन्ही हात झटकन वर केले. "सी? सेम."

पहिल्यांदा मलाही सारखेच दिसले. मला ते सारखेच दिसायला हवे होते. मग तिच्या टी-शर्टची शिवण दिसली, कमरेपाशी. ती एका बाजूला ओढली गेली होती. डावी टाच जमिनीवर नव्हती. पोर उजवीकडे झुकून डावी बाजू वर उचलून धरत होती, हात पोहोचावा म्हणून. मी तिच्या कमरेला दोन्हीकडून धरून तिला सरळ केलं. टाच खाली आली. डावा हात खाली आला.

"सेम ना, मम?" ती वळून बघत नव्हती.

मी पेन ओट्यावर ठेवलं. त्याचा आवाज तिला ऐकू आला. तिने हात खाली घेतले, फॉर्म उचलला, माझ्याकडे एकदा असं बघितलं की मी ते विसरणार नाही, आणि आत गेली. दार आपटलं नाही. आतून कडी लावली.

"किती?" फोनमधून तो म्हणाला.

"डावा दोन बोटं कमी."



"आता बोलणार नाही ती तुझ्याशी," तो म्हणाला. "सहा महिने धरून चाल."

"चालेल," मी म्हणाले.